रंग बदलला, रबिंग राहिलं

मोटारगाडी जन्माला आली तेव्हा तिच्यासाठी वेगळा रंग कुणी बनवला नव्हता. घोड्याच्या बग्गीला जो रंग लागे, तोच तिलाही लागला. जवसाचं उकळलेलं तेल, ज्याला आपल्याकडचे रंगारी बेलतेल म्हणतात. त्यात वितळवलेली कठीण राळ. आणि पातळ करायला टर्पेंटाइन. उत्तम वार्निशासाठी ही राळ म्हणजे चंद्रूस. झांजिबारसमोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जमिनीखाली पिढ्यान्‌पिढ्या पडून घट्ट झालेला चंद्रूस खणून काढत आणि तो युरोप-अमेरिकेतल्या उंची वार्निशात जाई. झाडावरचा कोवळा, कच्चा माल, तिकडच्या बोलीत 'चकाझी', मुंबईला आणि चीनला रवाना होई, हलक्या रोगणासाठी. मुंबई बंदरातून वऱ्हाडातला आणि मध्य प्रांतातला जवस विलायतेला जाई तो वेगळाच. लंडनच्या बग्गीवरच्या चकाकीमागे अशी हिंदी महासागराची उलाढाल होती.

हा रंग चढवणं म्हणजे आठवड्यांचं काम. आधी अस्तर, मग लांबी, मग रंगाचे थर, मग वार्निशाचे थर. दोन थरांच्या मध्ये पाणी आणि प्युमिस दगडाची पूड घेऊन नमद्याने घासायचं. शेवटचा हात मारताना खोलीची जमीन ओली करून ठेवायची, म्हणजे धूळ उडणार नाही. प्रत्येक थर हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होई. त्याला घाई चालत नसे. बग्गी घरी आली की मालकाला मिळणाऱ्या सूचना आजही वाचण्यासारख्या आहेत. भरपूर थंड पाण्याने धुवा, चिखल वाळू देऊ नका, शॅमीच्या चामड्याने टिपा. आणि गाडी तबेल्याला लागून ठेवू नका, कारण शेणामुताच्या अमोनियाने वार्निश मरतं. पॉलिशचं नाव त्यात फारसं येत नाही. चकाकी वार्निशातच होती. ती जपायची, एवढंच मालकाचं काम. रंग जपणं आणि रंग घासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या काळच्या साईसाला ठाऊक होतं. पुढच्या शंभर वर्षांत मोटारवाल्यांनी हा फरक बराच विसरायला लावला.

वाट पाहणं परवडेनासं झालं ते हेन्री फोर्डला. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडल्या जाऊ लागल्या आणि दर दिवसाचं उत्पादन असं वाढलं की रंग वाळेपर्यंत गाड्या ठेवायच्या कुठे, हाच प्रश्न पडला. १९१४ पासून मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळू लागली आणि तसं १९२५ पर्यंत चाललं. त्याआधीची वर्षं ती लाल, हिरवी, निळी, करडी अशीही निघत होती. काळ्या रंगात डांबराच्या जातीचं एक खनिज, गिल्सोनाइट, मिसळलेलं असे. तो रंग टिकाऊ होता आणि भट्टीत तापवून वाळवता येई. स्वस्त, चिवट आणि एकसारखा. गिऱ्हाइकाला मात्र रंग हवे होते.

ते मिळाले १९२० च्या उन्हाळ्यात लागलेल्या एका शोधातून. ड्यू पॉंट कंपनी तेव्हा सिनेमाच्या फिल्मसाठी नायट्रोसेल्युलोज बनवत असे. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा हा पदार्थ बंदुकीच्या धूरविरहित दारूचा सख्खा भाऊ. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्याचे कारखाने नवं गिऱ्हाईक शोधत होते. एडमंड फ्लॅहर्टी या रसायनज्ञाच्या हाताखाली न्यू जर्सीतल्या पार्लिनला असं दिसलं की सोडियम ॲसिटेट मिसळून तापलेलं नायट्रोसेल्युलोज पाण्यासारखं पातळ होतं. पातळ झालं म्हणजे त्यात रंगद्रव्य भरपूर घालता येतं, आणि पिचकारीने फवारताही येतं. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग आणि त्याच्या माणसांनी यावर काम केलं. ड्युको या नावाने हा रंग बाजारात आला, आणि १९२४ च्या मॉडेलची ओकलंड गाडी ट्रू ब्लू या निळ्या छटेत रस्त्यावर उतरली. जो रंग आठवडे खात होता तो तासांत वाळू लागला. आल्फ्रेड स्लोनच्या जनरल मोटर्सने फोर्डला मागे टाकलं त्यात या रंगीबेरंगी ड्युकोचा वाटा मोठा होता.

मोटारीच्या देखभालीच्या इतिहासात खरा सांधा इथेच बदलतो.

वार्निश वाळताना स्वतःच सपाट होई आणि आरशासारखं दिसे. ड्युकोचं तसं नव्हतं. फवारलेल्या नायट्रोसेल्युलोजमधला द्रावक भराभर उडून जातो, मागे राहिलेला पापुद्रा खरखरीत आणि मंद दिसतो. म्हणून तो आधी पाणीपेपरने सपाट करायचा, मग बारीक अपघर्षक पूड असलेल्या लगद्याने घासायचा, तेव्हा त्यातून चमक निघे. हेच रबिंग. ते रंगकामाचाच शेवटचा टप्पा होतं. शिवाय उन्हाने या रंगाचा वरचा पापुद्रा मरत असे, पृष्ठभागावर खडूसारखी पांढुरकी भुकटी येई. ती मेलेली साय काढून टाकली की खाली पुन्हा ताजा रंग मिळे. थर पुरेसा जाड असेतोवर वर्षातून एकदोनदा घासणं हा त्यावरचा योग्य उपचार होता. आज गॅरेजात ज्या सवयीने गाड्या खराब होतात, ती सवय त्या रंगासाठी शहाणपणाची होती. हे समजून घेतल्याशिवाय गॅरेजवाल्याला दोष देणं अन्यायाचं आहे.

ड्युको हिंदुस्थानात लवकर पोहोचला. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना उघडला. त्याआधी १९२० मध्ये लोअर परळला गहागन पेंट्स ही कंपनी निघाली होती. तीच पुढे गुडलास नेरोलॅक झाली आणि मोटारींच्या रंगात देशातलं मोठं नाव ठरली. १९४२ साली, युद्धामुळे परदेशी माल येईनासा झाला असताना, गिरगावातल्या गायवाडीत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. रंग असा घरचा झाला. आणि ड्युको हे एका कंपनीचं नाव न राहता साऱ्या जातीचं नाव झालं. सुतारकामातही लोक आजवर ड्युको मारून घेतात.

रस्त्याकडेच्या गॅरेजला नायट्रोसेल्युलोजने जी सोय दिली ती दुसऱ्या कुठल्या रंगाने दिली नाही. त्याला भट्टी लागत नाही. तो काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो, म्हणजे फुटपाथवरची धूळ बसायच्या आत काम उरकतं. आणि वाळल्यावरही तो आपल्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. त्यामुळे दरवाज्यावर ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी नवा हात मारायचा, नवा थर जुन्यात मिसळून जातो, मग कडा रबिंगने पुसून टाकायच्या. लांबी, पाणीपेपर, ड्युकोचे हात, रबिंग, वॅक्स या पाच पायऱ्या डेंटिंग-पेंटिंगच्या कारागिरांनी उस्तादाच्या हाताखाली शिकायच्या. बोटं फिरवून पत्र्याचा उंचसखलपणा सांगणारे हात यातूनच तयार झाले. त्या कसबाची नोंद कुठल्या कंपनीच्या इतिहासात नाही, पण मुंबईच्या गाड्या चाळीस वर्षं त्या हातांवर चालल्या.

मेणाचा रस्ता वेगळा आहे. ते मोटारीकडे घरातून आलं. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी सॅम्युएल जॉन्सन याने १८८६ साली लाकडी जमिनी बसवायचा धंदा घेतला आणि जमिनी जपायला मेण बनवलं. काही वर्षांत जमिनींपेक्षा मेणाचाच खप वाढला. इंडियानात फ्रँक मेग्वायरने १९०१ मध्ये फर्निचरचं पॉलिश सुरू केलं. बग्गी आणि पहिल्या मोटारींचे सांगाडे लाकडी, त्यामुळे फर्निचरचा डबा मोटारीच्या दारात पोहोचायला वेळ लागला नाही.

या सगळ्या डब्यांत मोलाची वस्तू एकच: कार्नोबा. ईशान्य ब्राझीलच्या सेआरा, पियावी या कोरड्या मुलखात वाढणारा हा ताड. उन्हाळ्यात पानातलं पाणी उडू नये म्हणून तो पानांवर मेणाचा थर धरतो. लांब काठीला विळा बांधून पानं उतरवायची, उन्हात वाळवायची, झोडपून पूड गोळा करायची आणि वितळवून गाळायची. कोवळ्या, न उलगडलेल्या पानांचं मेण फिकट पिवळं आणि सर्वांत महाग. मधमाशीचं मेण ६२-६४ अंश सेल्सियसला वितळतं, कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना. मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा किती तापतो हे ज्याने हात टेकवून पाहिलं आहे, त्याला या वीस अंशांचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

हे मेण पुढेही मिळत राहील का, या काळजीने जॉन्सन कंपनीचा तिसऱ्या पिढीचा प्रमुख एच. एफ. जॉन्सन १९३५ साली सिकोर्स्की कंपनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून रसीनहून ब्राझीलमधल्या फोर्तालेझाला गेला. विमानाचं नावच 'कार्नोबा' ठेवलं होतं. १९९८ मध्ये त्याचा मुलगा सॅम याने तसंच विमान बांधवून घेऊन तो प्रवास पुन्हा केला. ही साहसकथा कंपन्या आवडीने सांगतात. पानं उतरवणाऱ्या मजुरांची कथा मात्र उशिरा बाहेर आली. २०१७ साली जर्मन दूरचित्रवाणीच्या एका माहितीपटाने गोळ्या-चॉकलेटांना चकाकी देणाऱ्या या मेणामागची मजुरांची दैना दाखवली: उघड्यावर झोपणं, न गाळलेलं पाणी, गुलामीसारखी वागणूक. ब्राझीलच्या कामगार निरीक्षकांनी अशा छावण्यांवर छापे घालून माणसं सोडवली होती. मेणाच्या डब्यावर ताडाचं चित्र असतं, मजुराचं नसतं. ते लक्षात ठेवायला हवं.

कार्नोबा मुळात दगडासारखा कठीण. एकट्याने तो पत्र्यावर पसरतच नाही. द्रावक, तेलं, कधी मऊ मेणंही मिसळून त्याचा मलम करावा लागतो. म्हणून डब्यावर 'शंभर टक्के कार्नोबा' लिहिलं असेल तर आतल्या मेणापैकी सगळं मेण कार्नोबाचं, एवढाच त्याचा अर्थ लावावा.

१९४१ साली शिकागोत बेन हर्श नावाच्या माणसाने पाचशे डॉलर भांडवलावर बाटलीतलं पातळ पॉलिश काढलं. उभ्या असलेल्या अनोळखी गाडीचा एकच मडगार्ड तो चमकवायचा आणि मालक यायची वाट पाहायचा. उरलेली गाडी फिकी दिसली की बाटली खपायची. पुढे याच मालाला टर्टल वॅक्स हे नाव मिळालं. पन्नाशीच्या दशकात पॉलिशमध्ये सिलिकोन आलं आणि घासायचे कष्ट फार कमी झाले. मालक खूश झाला, रंगारी वैतागला. सिलिकोनचा अंश पत्र्यावर राहिला तर नवा रंग तिथे बसत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. आजही गाडी रंगवायला देण्याआधी कुठलं पॉलिश वापरलं हे रंगाऱ्याला सांगणं त्याच्यावर उपकार आहे.

भारतात या काळात गाडी ही दुर्मीळ वस्तू होती. वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, पुढची पद्मिनी, आणि उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. मिळालेली गाडी वीस-पंचवीस वर्षं टिकवायची, त्यात ती दोन-तीनदा रंगवून घ्यायची. मुंबईची हवा खारट, चार महिने पाऊस. त्यामुळे रबिंग-पॉलिश हा वर्षाचा नेम झाला. टॅक्सीवाले काळ्या पत्र्यावर रॉकेलचा नाहीतर डिझेलचा बोळा फिरवत. क्षणभर काळा रंग गडद दिसे. पण तेलकट पृष्ठभागावर धूळ चिकटते आणि पुढच्या पुसण्यात तीच रंगावर घासली जाते.

मग रंग मुळातूनच बदलला. मेटॅलिक रंगातली ॲल्युमिनियमची चकती उन्हापावसात उघडी टिकत नाही, म्हणून तिच्यावर पारदर्शक थर द्यायची पद्धत युरोप-जपानात रुळली आणि १९८० नंतर जगभर पसरली. खाली पातळ रंग, वर क्लिअर. भारतात १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्या आल्या आणि क्लिअर असलेल्या गाड्या रस्त्यावर वाढत गेल्या. साध्या पांढऱ्या गाड्या बऱ्याच वर्षांपर्यंत क्लिअरशिवायही निघत होत्या.

हा क्लिअर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. अतिनील किरण अडवणारी द्रव्यं त्यात असतात. त्याच्यावर मेलेली साय येत नाही, खडूसारखी भुकटी धरत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी रबिंग जन्मलं, ते कारणच उरलं नाही. तरी रबिंग राहिलं. सर्व्हिसिंगला गाडी दिली की 'रबिंग-पॉलिश मारून देऊ का?' हा प्रश्न येतोच, आणि मालकही होकार देतो, कारण त्याच्या वडिलांची फियाट त्याने अशीच चमकताना पाहिलेली असते. जाडसर कंपाऊंड आणि जोरात फिरणारी मशीन क्लिअरचे काही मायक्रॉन दर वेळी खाते. पाच-सहा वर्षांत टपावर, बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटू लागतात. क्लिअर एकदा उडाला की त्याला पॉलिश नाही, मेण नाही. तो भाग पुन्हा रंगवणं एवढाच इलाज.

त्यात डब्यांची नावं गोंधळात टाकतात. कंपाऊंड आणि पॉलिश थर काढतात. पहिलं जास्त, दुसरं कमी. मेण आणि सीलंट थर देतात. पण बाजारात 'वॅक्स पॉलिश' नावाच्या एकाच डब्यात दोन्ही असू शकतं. चिमूटभर माल दोन बोटांत चोळून पाहावा. बारीक वाळूसारखं काही लागलं तर ते नव्या गाडीवर महिन्याला लावायची वस्तू नव्हे. हाताला काही लागलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, आधुनिक अपघर्षक फार बारीक असतात. डब्यावर क्लिअरकोटसाठी सुरक्षित असं स्पष्ट लिहिलेलं पाहावं.

उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, त्यांतले बरेचसे कुठल्याही पॉलिशने पाडलेले नसतात. सोसायटीच्या आवारात पहाटे वीस-पंचवीस गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत एकच कापड पिळत जातो. पहिल्या गाडीची माती विसाव्या गाडीवर फिरते. त्याला पाण्याचा नळ कुणी दिलेला नसतो, चार कापडंही दिलेली नसतात. पुसणाऱ्यावर ओरडण्यापेक्षा त्याला पाणी आणि मऊ मायक्रोफायबरची दोन कापडं देणं स्वस्त पडतं, आणि तेच न्याय्य आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या साईसाला भरपूर थंड पाणी वापरायला सांगत, ते याच कारणासाठी.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत भर पडली ती पत्र्याला चिकटलेले कण ओढून काढणाऱ्या चिकणमातीसारख्या वडीची, जिचं अमेरिकी पेटंट जपानच्या तादाओ कोदाते यांना १९९५ मध्ये मिळालं. मग कृत्रिम सीलंट, सिरॅमिक कोटिंग, पारदर्शक फिल्म. कोटिंग मेणापेक्षा पुष्कळ टिकतं, यात शंका नाही. पण ते लावण्याआधी पृष्ठभाग पॉलिशने घासूनच तयार करतात, हे विक्रेता क्वचित सांगतो. नव्या कोऱ्या गाडीला त्या घासण्याची गरज आहे का, हे आधी विचारावं.

खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारांच्या आणि अवजारांच्या पूजेत वाहन केव्हाच सामील झालं आहे. धुतलेल्या गाडीवर हळद-कुंकू, झेंडूची माळ, बॉनेटवर स्वस्तिक. बाजारचं रंगीत कुंकू ओलं होऊन पत्र्यावर मुरलं तर डाग सुटत नाही, आणि मग तो काढायला पुन्हा रबिंगच मारलं जातं. पूजेआधी मेणाचा एक हात दिलेला असेल आणि त्याच संध्याकाळी कुंकू भरपूर पाण्याने धुतलं, तर पूजाही होते आणि रंगही राहतो.

आपल्या गाडीवर क्लिअर आहे की नाही, हे कळायला कारखान्यात विचारावं लागत नाही. पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन दरवाज्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात हलकेच चोळावं. कापडाला गाडीचा रंग लागला तर क्लिअर नाही. लागला नाही तर आहे, आणि मग कंपाऊंडचा डबा दूरच ठेवावा. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. खासगी मालकांकडे काही पद्मिनी, काही ॲम्बेसेडर अजून मूळ रंगासह उभ्या आहेत. त्या मालकांना एवढीच विनंती: नव्यासारखी दिसावी म्हणून तो रंग खरवडून वर क्लिअर चढवून घेऊ नका. पाण्याने धुवा, सौम्य पॉलिशचा एक हात द्या, वर कार्नोबाचं मेण लावा. तो रंग एकदा खरवडला की पुन्हा मिळणार नाही.